ऐदी कुणाला म्हणायचं?

‘ऐदी’ हा शब्द मी पहिल्यांदा आजीच्या तोंडून ऐकला. दुपारी पुस्तक घेऊन लोळत पडलं, की ती म्हणायची, “ऊठ गं, ऐदी मेली.” अर्थ विचारायची वेळ कधी आली नाही. या शब्दाला काही बरा भूतकाळ असेल, असंही वाटलं नव्हतं. पुढे तुलनात्मक साहित्यात एम.ए. करताना एका हिंदी कोशात ‘अहदी’ सापडला. अरबीत ‘अहद’ म्हणजे एक. अकबराच्या लष्करात अहदी नावाचे स्वार असत. ते कुठल्या मनसबदाराच्या हाताखाली नसत; एकेकटे, थेट बादशहाच्या चाकरीत. पगार साध्या स्वारापेक्षा चांगला. कोशकार पुढे सांगतात, की त्यांना निकडीच्या वेळीच बोलावत, एरवी ते बसून खात. आणि वसुलीला पाठवलं तर दारात ठाण मांडत, पैसे हातात पडल्याशिवाय उठत नसत. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र या अहदींना बादशहाचे हुकूम पोचवण्यापासून बरीच कामं दिसतात. ती कामं लोकांच्या लक्षात राहिली नाहीत, बसणं तेवढं राहिलं. चाकरी गेली, बादशाही गेली, आणि भाषेत उरला तो आळशाला लावायचा शब्द.

थोडक्यात, कमी कामाची आणि भरल्या पगाराची नोकरी हे काही आजकालच्या पोरांचं खूळ नाही. आपल्या भाषेत ती चारेकशे वर्षं मुक्काम करून आहे. अशी नोकरी साहित्यात कशी येते, हे पाहावं असं मला अलीकडे वाटू लागलं, त्याला कारण आहे. गेल्या वर्षी ती माझ्याकडेच चालून आली.

अठरा वर्षं मी शब्दावर पैसे घेऊन भाषांतरं करते आहे. एका कंपनीला मराठी तपासणारं कुणीतरी हवं होतं. यंत्राने केलेलं भाषांतर पडद्यावर येणार: डावीकडे मूळ, उजवीकडे मराठी. बरं असेल तर हिरवी खूण करायची, चुकलं असेल तर दुरुस्त करायचं. घरी बसून काम, महिन्याला ठरलेली रक्कम, आणि ती माझ्या एखाद्या चांगल्या महिन्याच्या कमाईच्या दीडपट. फोनवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, एकदम आरामाचं काम आहे.” मी हो म्हटलं. त्यानंतरच्या महिन्यांत मी चार जुन्या गोष्टी पुन्हा वाचल्या. चारही ओळखीच्या, त्यातल्या दोन तर मी विद्यार्थ्यांना शिकवलेल्या. चारही मी चुकीच्या वाचल्या होत्या, असं आता वाटतं.

पहिली गोष्ट शेरलॉक होम्सची: आर्थर कॉनन डॉयलची ‘द रेड-हेडेड लीग’, १८९१ साली ‘स्ट्रँड’ मासिकात आलेली. जेबेझ विल्सन हा लंडनमधला एक छोटा सावकार, वस्तू गहाण ठेवून घेणारा. त्याचा नोकर त्याला वर्तमानपत्रातली जाहिरात दाखवतो: लाल केसांच्या पुरुषांसाठी एका अमेरिकन धनिकाने ठेवलेल्या निधीतून एक जागा भरायची आहे. विल्सनचे केस आगीसारखे लाल. जागा त्याला मिळते. काम काय, तर रोज सकाळी दहा ते दुपारी दोन एका खोलीत बसून ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ची नक्कल करायची. पगार आठवड्याला चार पौंड. अट एकच: त्या चार तासांत इमारत सोडायची नाही. आजारपण, धंद्यातली अडचण, कुठलीही सबब चालणार नाही. बाहेर पाऊल टाकलं की नोकरी गेली.

ही गोष्ट आपण हसत वाचतो. विल्सन जाड्या, संथ, भोळा; त्याला फसवलं जातंय हे वाचकाला त्याच्या आधी कळतं. आठ आठवड्यांनी दारावर मंडळ बरखास्त झाल्याची पाटी लागते, आणि होम्स उलगडा करतो, की हा सगळा खटाटोप विल्सनला दुकानापासून रोज चार तास लांब ठेवण्यासाठी होता. त्याच्या तळघरातून शेजारच्या बँकेच्या तिजोरीपर्यंत भुयार खणलं जात होतं.

या वेळी वाचताना मला विल्सनचं हसू आलं नाही. तो आळशी नाही. पहिल्या दिवशी तो स्वतःच्या पैशाने शाईची बाटली, लेखणी आणि कागद घेऊन जातो, कारण कचेरीकडून फक्त टेबल-खुर्ची मिळणार आहे. ‘ए’ अक्षर जवळजवळ संपवत आणतो, आता ‘बी’ येईल म्हणून वाट पाहतो. त्याची नक्कल कुणी तपासत नाही, वाचतही नाही, तरी तो ती प्रामाणिकपणे करतो. त्याची चूक असलीच तर ती वेगळ्या ठिकाणी आहे. त्याच्या दुकानातला नोकर अर्ध्या पगारावर राहायला तयार झाला होता. विल्सनला याचा आनंद होता. असं का, हे त्याने विचारलं नाही. गोष्टीतला सगळ्यात कष्टाळू माणूस तोच अर्ध्या पगाराचा नोकर आहे. त्याच्या विजारीचे गुडघे मळलेले आणि झिजलेले आहेत, आणि होम्स नेमके तेच पाहायला दुकानाच्या दाराशी जातो. डॉयलची ही युक्ती मला फार मोलाची वाटते. सोप्या नोकरीचं रहस्य नोकरीच्या खोलीत सापडत नाही. त्यासाठी दुसऱ्या कुणाचे तरी गुडघे पाहावे लागतात.

विल्सनकडून मालकाला काय हवं होतं? त्याची मेहनत नव्हे, त्याची हजेरीही नव्हे. त्याची दुसरीकडची गैरहजेरी. ती विकत घ्यायला आठवड्याला चार पौंड ही काही मोठी किंमत नव्हती.

दुसरी गोष्ट हर्मन मेलव्हिलची ‘बार्टलबी’, १८५३ची. वॉल स्ट्रीटवरच्या एका वकिलाच्या कचेरीतला नक्कलनवीस एक दिवस काम करायला नम्रपणे नाखुशी दाखवतो, आणि मग हळूहळू सगळ्यालाच. या गोष्टीवर इतकं लिहिलं गेलं आहे, की बार्टलबी म्हणजे न-करण्याचा संतच झाला आहे. मी ही गोष्ट मराठीत आणायचा प्रयत्न दोनदा केला आणि दोन्ही वेळा त्याच्या त्या एका वाक्यापाशी थांबले. मराठी कचेरीत नकाराचे कितीतरी प्रकार आहेत. ‘बघतो’, ‘उद्या या’, ‘साहेब नाहीत’, ‘जमणार नाही’. यांतला एकही चालत नाही. ‘जमणार नाही’ म्हणताना दोष परिस्थितीवर जातो, ‘करणार नाही’ म्हणताना भांडण सुरू होतं. बार्टलबी भांडत नाही आणि सबबही सांगत नाही. तो फक्त आपली पसंती सांगतो, आणि आपल्याकडे हाताखालच्या माणसाच्या पसंतीला वाक्यरचनाच नाही. मागायची ती रजा, सांगायची ती अडचण.

त्या वाक्यात अडकल्यामुळे दोन गोष्टी माझ्या नजरेतून सुटल्या होत्या. एक म्हणजे या कथेतला आरामप्रिय माणूस बार्टलबी नाही, निवेदक वकील आहे. तो स्वतःच सांगतो, की सोप्यात सोपा मार्ग तोच उत्तम, अशी त्याची तरुणपणापासूनची धारणा आहे. कोर्टात भाषणं करण्याच्या फंदात तो पडत नाही. श्रीमंतांची गहाणखतं आणि रोखे सांभाळतो. त्याला ‘मास्टर इन चॅन्सरी’ हे सरकारी पद मिळालेलं आहे. काम बेताचं आणि प्राप्ती भरपूर. पुढे राज्यघटना बदलून हे पदच रद्द झालं, तेव्हा एरवी कधी न चिडणारा हा माणूस चिडला; आयुष्यभर मिळेल असं धरून चाललेलं उत्पन्न थोड्याच वर्षांत संपलं. आळशी माणसाला साजेशी उत्तम पगाराची नोकरी कुठली, असं मेलव्हिलला विचारलं असतं, तर उत्तर त्याने पहिल्या काही परिच्छेदांतच देऊन ठेवलं आहे. पण या वकिलाला कुणी आळशी म्हणत नाही. तो ‘सावध’ आहे, ‘शिस्तीचा’ आहे.

त्याच कचेरीत पडद्याआड बसणाऱ्या बार्टलबीला शंभर शब्दांच्या फोलिओमागे चार सेंट मिळतात. शब्दावर पैसे मोजून घेणाऱ्या बाईला हा दर डोळ्यांआड कसा करता आला, याचं आता आश्चर्य वाटतं. आणि सुरुवातीला तो दिवसा उजेडात आणि रात्री मेणबत्तीत अधाशासारखा लिहीत असतो.

दुसरी सुटलेली गोष्ट जास्त महत्त्वाची. बार्टलबीचा पहिला नकार लिहिण्याला नाही, तपासण्याला आहे. नक्कल झाली की ती मूळ कागदाशी शब्दन् शब्द ताडून पाहायची, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने नजर ठेवायची, हे काम वकीलसाहेबच कंटाळवाणं आणि झोप आणणारं म्हणतात. तिसऱ्या दिवशी या कामासाठी हाक येते आणि तिथे बार्टलबी थांबतो. त्यानंतरही काही काळ तो लिहितो, तपासत मात्र नाही. त्याच्या वाट्याची तपासणी कचेरीतले बाकीचे करतात. लिहिणं बंद होतं ते नंतर. समीक्षकांनी या नकारात तत्त्वज्ञान पाहिलं, आणि ते तिथे असेलही. पण दिवसाला काही हजार शब्द डावीकडून उजवीकडे ताडून पाहणाऱ्या माणसाला त्यात आधी अनुभव दिसतो. लिहिणाऱ्याचा हात चालतो, चूकही त्याची आणि वाक्यही त्याचं. तपासणाऱ्याकडे फक्त लक्ष मागितलं जातं, आणि लक्ष ही हाताने उचलून द्यायची वस्तू नाही. तिसऱ्या महिन्यात माझ्या असं ध्यानात आलं, की सलग पन्नास वाक्यांना मी हिरव्या खुणा केल्या आहेत आणि त्यांतलं एकही मला आठवत नाही.

आता माझ्यापेक्षा आणि वकिलापेक्षा फार लांबची माणसं. प्रेमचंदांची ‘कफन’ हिंदीत १९३६ साली आली. घीसू आणि माधव हे बाप-लेक गावात कामचोर म्हणून प्रसिद्ध. घीसू एक दिवस काम करून तीन दिवस बसणारा, माधव अर्धा तास राबून तासभर चिलीम ओढणारा. झोपडीत माधवची बायको बुधिया प्रसूतीच्या वेदनांत तडफडते आहे आणि दोघं बाहेर भाजलेले बटाटे खात बसले आहेत. एक आत गेला, तर दुसरा जास्त बटाटे खाईल, म्हणून कुणीच उठत नाही. ती मरते. कफनासाठी लोकांकडून पाच रुपये जमतात आणि ते दारूत जातात.

या कथेत निवेदक मधेच थांबून या दोघांच्या आळसाचा हिशेब मांडतो. रात्रंदिवस राबणाऱ्या शेतकऱ्यांची अवस्था या दोघांपेक्षा फारशी बरी नसेल, आणि त्यांच्या दुबळेपणाचा फायदा घेणारेच सुखात असतील, तर घीसू त्यांच्यापेक्षा शहाणाच म्हणायचा, असा त्याचा रोख आहे. हा परिच्छेद मी वर्गात मोठ्या उत्साहाने शिकवत असे: आळस म्हणजे चारित्र्यातला दोष नव्हे, बाजारभाव ओळखून घेतलेला निर्णय. दलित समीक्षकांनी या कथेवर घेतलेला आक्षेप मी त्याच तासाला शेवटच्या पाच मिनिटांत उरकत असे. तो उरकण्यासारखा नव्हता. प्रेमचंदांनी हे दोघं चांभार जातीचे दाखवले, आणि ज्या समाजाच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या फुकटचे कष्ट आले, त्याच समाजातून कामचोरीचे नमुने निवडले. वकील आणि घीसू शेजारी ठेवले, की हा आक्षेप किती खोलवर जातो ते दिसतं. दोघांची आयुष्याबद्दलची भूमिका जवळपास एकच आहे. एकाला त्यासाठी पद मिळतं, दुसऱ्याला विशेषण.

पण मला आता त्याहून जास्त खटकतं ते बुधियाचं. ती घरात येण्याआधी बाप-लेकांची उपासमार होत असे. ती आली, लोकांकडे दळण दळू लागली, गवत कापू लागली आणि शेरभर पिठाची सोय करू लागली. ती आल्यापासून हे दोघे जास्तच ऐतखाऊ झाले, असं कथाच सांगते. म्हणजे घीसू-माधवलाही एक सोपी नोकरी लागलेली होती. तिचा पगार बुधिया देत होती. निवेदकाच्या हुशार हिशेबात शेतकरी आहेत, जमीनदार आहेत. जातं ओढणारी बाई त्या हिशेबात नाही. ही कथा थोर आहे, याबद्दल मला शंका नाही. पण तिच्यातला सर्वांत गाजलेला विचार तिच्यातल्याच एका वाक्याला उत्तर देत नाही, हेही तितकंच खरं.

चौथं पुस्तक उपमन्यू चटर्जींचं ‘इंग्लिश, ऑगस्ट’, १९८८चं. लेखक स्वतः महाराष्ट्र केडरचे आयएएस अधिकारी. नायक अगस्त्य सेन हा शहरी, इंग्रजीत वाढलेला, प्रशिक्षणासाठी मदना नावाच्या कल्पित जिल्ह्यात आलेला तरुण अधिकारी. लाखो मुलं ज्या नोकरीसाठी उमेदीची वर्षं घालवतात, ती त्याला मिळाली आहे. आणि तो विश्रामगृहातल्या खोलीत पडून गांजा ओढतो, मार्कस ऑरेलियस वाचतो, बैठकांतून निसटतो आणि स्वतःबद्दल वाटेल त्या थापा मारतो. विशीत आम्ही हे पुस्तक आपल्या पिढीचं म्हणून वाचलं. त्याचा कंटाळा आम्हाला मोठा ऐटबाज वाटला होता.

आता वाचताना मी थांबते ती शेवटाकडच्या एका प्रसंगापाशी. अगस्त्य आदिवासी भागातल्या एका गावी जातो. विहीर आटली आहे. बायका लहान मुलांना दोराने बांधून खाली सोडतात आणि ती मुलं तळाचा गाळ-पाणी बादलीत भरतात. अगस्त्य हालचाल करतो, टँकर मागवतो. त्याच्या एवढ्या मोठ्या नोकरीत दिसणारं हे जवळजवळ एकमेव काम, आणि ते त्याच्या एका शब्दाने होतं. चटर्जी यावर भाष्य करत नाहीत, अगस्त्यला एका रात्रीत सुधारतही नाहीत; शेवटी तो सगळं तूर्त सोडून गाडीत बसतो. हा संयम चांगला आहे. तरी प्रश्न उरतोच. इतके महिने जी नोकरी सोपी होती, ती सोपी राहण्यासाठी कुणीतरी विहिरीत उतरत होतं.

आळसाची उघड बाजू घेणारेही थोर लोक झाले. पॉल लाफार्गने १८८०मध्ये आळसाचा हक्क मागितला, दिवसाला तीन तास काम पुरे म्हणाला. बर्ट्रांड रसेलने १९३२मध्ये चार तासांचा हिशेब मांडला. विल्सनच्या नोकरीचेही चारच तास होते, पण ते त्याच्या एकट्याचे होते. लाफार्ग आणि रसेल यांना विसावा सगळ्यांत वाटायचा होता. सोपी नोकरी म्हणजे त्याच्या उलट: एकाचा विसावा, आणि त्याचं काम नजरेआड दुसऱ्याकडे. म्हणून आळसाबद्दल माझी तक्रार नाही. ‘आळशाला गंगा दूर’ असं आपण म्हणतो. पण काही आळशांच्या घरी गंगेचं पाणी भरून आणणारी माणसं असतात, हे त्या म्हणीत येत नाही.

तेव्हा माझ्या कामाखाली कोण आहे, हा प्रश्न मला टाळता येईना. मुळात सोप्या कामात मला यंत्राची वाईट वाक्यं त्रास देत नव्हती. ती दुरुस्त करताना उलट बरं वाटे. त्रास देत होती ती चांगली वाक्यं. मधेच एखादं असं मराठी वाक्य येई, की ज्याची लय कुणीतरी माणसाने जुळवलेली असणार. एखादं ‘तरीसुद्धा’ नेमकं जागेवर पडलेलं. कुठल्या तरी भाषांतरकाराने कधीतरी शब्दाला काही पैसे घेऊन, किंवा न घेता, त्यावर रात्र घालवली असेल. त्याला मी हिरवी खूण करत होते, आणि पगार मला मिळत होता. आणि माझ्या दुरुस्त्या? त्या खाली कुठे जातात, कुणासाठी काय खणतात? मी विल्सनसारखी न विचारता बसायची नाही, असं ठरवून कंपनीला दोन ओळींचं पत्र पाठवलं. उत्तर सभ्य होतं. हा प्रश्न माझ्या कामाच्या कक्षेत येत नाही, असं त्यात म्हटलं होतं.

मी नोकरी सोडली असं इथे लिहिता आलं असतं तर लेखाला बरा शेवट मिळाला असता. मी ती सोडलेली नाही. घराचा हप्ता आहे, आईची औषधं आहेत, आणि विल्सनला जसे आठवड्याचे चार पौंड खरे होते तशी माझी रक्कमही खरी आहे. होम्सही त्याला हेच ऐकवतो: तुझं काही नुकसान झालेलं नाही, तीसेक पौंड मिळाले आणि ‘ए’ अक्षराखालचं ज्ञान वर. फरक एवढाच केला आहे, की आता प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचते आणि मगच खूण करते. त्यामुळे काम सोपं राहिलेलं नाही, आणि माझा वेग कमी झाल्याचा निरोपही आला आहे. संध्याकाळी ‘बार्टलबी’चा मसुदा पुन्हा काढला आहे. त्या एका वाक्याची जागा अजून रिकामी आहे. आजी असती, तर मला भर दुपारी पडद्यासमोर बसून पुटपुटताना पाहून तिने काय म्हटलं असतं, ते मला ठाऊक आहे. फक्त आता तो शब्द मी तिला उलट समजावून सांगू शकले असते.